आकाशपाळण्याचं तारण

बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात. ठेवीवर जास्त व्याज सध्या कुठं मिळतं, आणि नोकरीत असताना कुणी मोठी टोपी घातली होती का. पहिल्याचं उत्तर मी देत नाही, कारण पुढं काही झालं तर लोक दारात येतात. दुसऱ्याचं देते. टोपी घालणारे पुष्कळ भेटले. एका गावात एकच म्हैस तीन कर्जदारांच्या गोठ्यात दाखवली गेली होती, आणि तिसऱ्या गोठ्यात तिनं माझ्याकडं ओळखीचं बघितलं होतं. असे किस्से सांगितले की लोक हसतात. हा लेख मागणाऱ्या संपादकांनाही तेच हवे होते. पण लिहायला बसल्यावर मला म्हैस आठवेना. रहिमतपूरचे तात्या आठवायला लागले, आणि तात्यांनी तर बँकेचा एक पैसा बुडवला नाही.

मी सांगलीची. नोकरी सरकारी बँकेत, शेवटची बदली रहिमतपूरला, शाखाधिकारी म्हणून. तात्यांचं खरं नाव रामचंद्र, पण ते फक्त पासबुकावर. गाव त्यांना पाळणेवाले तात्या म्हणायचं. जत्रेत जो मोठा आकाशपाळणा असतो, तसा एक त्यांचा स्वतःचा होता. तरुणपणी ते दुसऱ्याच्या पाळण्यावर कामाला होते. पुढं तोच मालक थकला, तेव्हा तात्यांनी आमच्या बँकेचं कर्ज काढून पाळणा विकत घेतला. तिकिटाच्या खिडकीत त्यांची बायको कमलताई बसायची. वर चढून नटबोल्ट आवळायला भिवा नावाचा त्यांच्याच वयाचा एक गडी होता, आणि उभारणी-उतरणीला आणखी चारपाच जण. थंडीत जत्रा सुरू झाल्या की हा सगळा संसार ट्रकवर चढायचा तो वैशाख संपल्यावर घरी यायचा.

बँकेच्या भाषेत हा पाळणा म्हणजे तारण. ज्यांना हा शब्द फक्त सोन्यापुरता माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते: वस्तू कर्जदाराच्या ताब्यात राहते, तो ती वापरतो, पण कर्ज फिटेपर्यंत कागदावर ती बँकेकडं बांधलेली असते. म्हणून अधिकाऱ्यानं अधूनमधून जाऊन ती जागेवर आहे का, चालू आहे का, हे बघायचं असतं. गिरणी, लेथ मशीन यांचं ठीक असतं, ती हलत नाहीत. पाळणा कुठं बघायचा? माझ्या आधीच्या साहेबांनी तात्यांच्या घरी जाऊन अहवालात लिहून ठेवलं होतं, ‘तारण जागेवर आढळले नाही.’ त्यावर वरून खुलासा मागवला गेला होता आणि ते पत्र माझ्या टेबलावर उत्तराची वाट बघत होतं.

मी तात्यांना फोन केला. "पाळणा कुठं आहे?"

"आज खंडाळ्याकडं हाय, म्याडम. परवा सुटंल, मग कडेगावच्या पुढं. तुमाला कुठं बगायचाय?"

मी आमच्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला त्या गावी गेले. संध्याकाळची वेळ, जत्रा भरात. तात्यांनी स्वच्छ टोपी घातली होती, बँकेचं माणूस येणार म्हणून. मी लांबून बघून सही करणार, तर म्हणाले, "आवं, असं कसं? बसल्याबिगर कसं कळंल मशीन चालू हाय का बंद?" मी नऊवार नेसलेल्या एका आजीबाईंच्या शेजारी बसले. खालची माणसं चढवायला पाळणा थांबला तेव्हा आमची डोली नेमकी सगळ्यात वर. खाली देवळाचं शिखर, उसाचे फड, मिठाईच्या दुकानांचे दिवे. आजीबाई म्हणाल्या, "भ्या वाटतंय व्हय? डोळं उघड की, त्याचंच तर पैसं दिल्यात." मी डोळे उघडले. अहवालात लिहिलं, ‘तारण चालू स्थितीत आढळले. वर जाऊन खात्री केली.’ क्षेत्रीय कार्यालयातून विचारणा आली, वर म्हणजे नेमकं कुठं?

टाळेबंदीच्या आधीचा तो शेवटचा हिवाळा तात्यांना चांगला गेला. फेब्रुवारीत एके दिवशी नवराबायको शाखेत आली. हातात दोन पिशव्या, एकीत जत्रेची चिल्लर आणि नोटा, दुसरीत पेढे. मुदत अजून वर्षभर होती, पण तात्यांना सगळं कर्ज फेडून टाकायचं होतं.

मी म्हटलं, "घाई कशाला? हातात थोडे पैसे असू द्यात."

"न्हाई म्याडम. चैताच्या जत्रंला बिनकर्जाचा उभा ऱ्हाणार. लय वर्सं झाली, पाळणा फिरवतूय मी आणि निम्मा बँकेचा, असं वाटतंय."

कमलताई म्हणाल्या, "रातचं झोपत न्हाईत वो हे. एकदाचं घ्या ते पैसं."

रोखपालानं कपाळाला हात लावत चिल्लर मोजली. मी कर्ज फिटल्याचा दाखला दिला, तो कमलताईंनी पदरात गुंडाळला. जाताना तात्या म्हणाले, "उन्हाळा संपला की परत येतो. बारक्या पोरांची रेल्वे घ्यायची हाय. तवा न्हाई म्हणू नगा."

"तुम्हाला कोण नाही म्हणेल?" मी म्हटलं. आणि खरंच, त्या दिवशी मला वाटत होतं की या शाखेत याच्याइतका निर्धोक कर्जदार दुसरा नाही.

पुढच्या महिन्यात सगळं बंद झालं. तात्यांचा पाळणा त्या वेळी खंडाळ्याच्याच बाजूला एका गावात उभा होता. उभारणी पूर्ण झाली, पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस येऊन सांगून गेले की जत्रा रद्द. उतरवून न्यायचा तर ट्रक मिळेना, परवाना मिळेना, जिल्ह्याच्या आत रस्ते अडवलेले. पाळणा तसाच उभा राहिला. सरपंचानं शाळेची एक खोली दिली, गावानं काही दिवस पिठाभाताची सोय केली. मग मुंबईहून आलेल्या कुणाला तरी आजार निघाला आणि गाव घाबरलं. ‘बाहेरच्यांनी’ शाळा सोडावी असं ठरलं. गडी एकेक करून चालत आपापल्या गावी निघून गेले. तात्या, कमलताई आणि भिवा पाळण्याखालच्या फळ्यांवर ताडपत्री बांधून राहिले. पहिला वळीव तिथंच झाला.

आमची शाखा मात्र एक दिवसही बंद नव्हती. दारात दोरी बांधलेली, काउंटरला प्लास्टिकचा पडदा. त्यातच वरून योजना आली.

योजना समजायला सोपी होती. ज्या लहान धंद्याचं बँकेत कर्ज चालू आहे, त्याला चालू बाकीच्या, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या रकमेच्या, पाचव्या हिश्श्याइतकं आणखी कर्ज तातडीनं द्यायचं. जादा तारण घ्यायचं नाही. ते बुडालं तर सरकार बँकेला भरून देणार. आणि बाकी कोणती धरायची, तर फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला जी असेल ती. हप्ते थोडे मागं पडले असले तरी चालणार होतं.

वाईट नव्हती योजना. तिच्यामुळं तगून राहिलेली चार दुकानं मी स्वतः बघितली आहेत, ते नाकारणार नाही. पण ती वाचत असतानाच मला कळलं होतं की ज्याची उधारी मोठी त्याला मोठी मदत मिळणार, ज्याची लहान त्याला लहान, आणि ज्यानं उधारी ठेवली नाही तो आमच्या संगणकाच्या पडद्यावर दिसणारच नाही.

रोज संध्याकाळी क्षेत्रीय कार्यालयातून फोन यायचा, "आज किती दिले?" आम्ही ग्राहकांना फोन करायचो. तुमचं कर्ज मंजूर आहे, घ्या. उभ्या नोकरीत मी बँकेला असं आर्जव करताना बघितलं नव्हतं. एरवी माणूस कर्ज मागायला आला की आम्ही त्याला सात चकरा मारायला लावतो. एका किराणा दुकानदाराचा धंदा टाळेबंदीत दुप्पट झाला होता. त्यानंही घेतलं आणि घरावर मजला चढवला. नियमात बसत होतं.

हणमंतशेठही नियमात बसत होते. कोरेगाव रस्त्याला त्यांचं भंगाराचं गोडाऊन. त्यांचं कर्जाचं खातं कायम गळ्यापर्यंत भरलेलं, व्याज महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तेही आम्ही दोनदा फोन केल्यावर. माणूस दिलदार, पण बँकेला पैसे परत देणं ही त्यांना अपशकुनी गोष्ट वाटायची. त्यांना मीच फोन लावला.

ते म्हणाले, "म्याडम, गोडाऊनला कुलूप हाय. पैसं घिऊन काय करू?"

"असू द्यात हाताशी."

"फेडायचं हाय का न्हाई?"

"फेडायचं आहे. पण पहिलं वर्ष नुसतं व्याज."

"मग टाका खात्यात. सरकार देतंय तर न्हाई म्हणणारा मी कोण?"

त्यांची बाकी मोठी होती, त्यामुळं रक्कमही मोठी आली. वरच्या साहेबांनी त्या संध्याकाळी माझं नाव घेऊन कौतुक केलं.

जूनमध्ये तात्या पाळणा उतरवून रहिमतपूरला आले आणि दुसऱ्याच दिवशी शाखेत. दोरीच्या पलीकडं उभे होते. अंग निम्मं झालं होतं. मी आत बोलावलं, खुर्ची दिली.

"म्याडम, टीव्हीवर सांगत्यात, सरकार धंदेवाल्यास्नी मदत करतंय. बँकेत जावा म्हणत्यात."

मी सांगितलं, "तात्या, ती मदत ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांच्यासाठी आहे."

"मग माझं खातं हायच की."

"तुमचं कर्ज फिटलं."

"फिटलं म्हंजे मीच फेडलं."

"हो. म्हणूनच."

त्यांना वाटलं मी काही तरी चुकीचं बोलतेय. त्यांनी मला परत सांगायला लावलं. मी तारीख सांगितली, त्या तारखेला त्यांच्या नावावर बाकी शून्य होती हे सांगितलं.

"आनि समजा थकवलं असतं तर?"

"थोडं थकलं असतं तरी मिळालं असतं."

तात्या हसले. मोठ्यानं हसले, बाहेर रांगेतली माणसं आत बघायला लागली. "मग उलटं करा की! तुमचा दाखला कमल आणून देती. माझं कर्ज मला परत द्या, आनि वर मदत द्या."

हसता हसता त्यांना खोकला आला. खोकला आला तशी रांग चार पावलं मागं सरली. ते बघून तात्या उठले, मास्क नीट केला आणि म्हणाले, "भिऊ नका रं, नुसता ठसका हाय." आणि गेले.

मी त्यांच्यासाठी नव्या कर्जाचा प्रस्ताव तयार केला. योजनेबाहेरचा, साधा. जुनं खातं कसं वागलं, किती वेळेआधी फिटलं, सगळं लिहिलं. पाळणा पुन्हा तारण घेता येईल असंही लिहिलं. क्षेत्रीय कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला सभ्य.

"मॅडम, जत्रा कधी सुरू होणार, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग हप्ता कशातून येणार?"

मी म्हटलं, "सर, लॉजवाल्याचा कशातून येणार? बसवाल्याचा? त्यांना आपण गेल्या आठवड्यात दिलं."

"ते योजनेत आहे. तिथं हमी सरकारची आहे. इथं कुणाची? तुमची?"

मी हो म्हणायला हवं होतं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण बँकेत अशी हमी देता येत नाही, आणि ते दोघांनाही माहीत होतं. प्रस्ताव परत आला. शेरा होता, ‘सद्यस्थितीत व्यवसाय व्यवहार्य नाही.’ इंग्रजीत होता, मी मराठी केला.

मग फेरीवाल्यांसाठी लहान कर्जाची दुसरी योजना आली. ती नगरपालिकेमार्फत. मी तात्यांना तिकडं घेऊन गेले. टेबलावर एक मुलगी होती, कामाला चोख, तिलाही मदत करायचीच होती.

"काका, तुम्ही गावात काय विकता?"

"इकत न्हाई. फिरवतो."

"काय फिरवता?"

"माणसं."

ती हसली, मग गोंधळली. तिच्या पाहणीत भाजीवाले होते, भेळवाले, चप्पल शिवणारे होते. माणसं फिरवणाऱ्याचा रकाना नव्हता. आणि तात्यांचा धंदा रहिमतपुरात नव्हताच. तो वर्षातून एकेका गावी दोन-दोन दिवस होता, आणि त्यातलं कुठलंही गाव त्यांना आपला फेरीवाला म्हणायला तयार नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला कमलताई भाजी विकायला बसल्या. बाजारतळावर एका कडेला पोतं टाकून. मला वाटलं, आता तरी जमेल. त्यांना घेऊन परत त्या मुलीकडं गेले. ती पडलेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, टाळेबंदीच्या आधीपासून विकत असल्या पाहिजेत. या नंतर बसल्यात."

तेव्हा कमलताई म्हणाल्या, "बाई, टाळेबंदीच्या आदी आमचा पाळणा हुता. मी भाजी कशाला इकू?"

आम्ही दोघी बाहेर आलो. कमलताई सरळ आपल्या पोत्याकडं गेल्या, मी बँकेत. त्यानंतर त्या नवराबायकोनं माझ्याकडं काही मागितलं नाही. मीही त्यांना आणखी कुठल्या दारात घेऊन गेले नाही, कारण तिसरं दार मला माहीत नव्हतं.

लोकांना वाटतं पाळणा काय, पडून राहिला तर राहिला. तसं नसतं. लोखंड फिरतं तोवर नीट राहतं. पावसात पडलं की गंज नटापासून सुरू होतो, आणि पाळण्यात सगळा जीव नटांत असतो. तात्यांनी पाळणा ओढ्याकाठच्या पडीक रानात ठेवला होता. भिवा तिथं जाऊन ऑइल लावायचा, रिकाम्या डोल्या उलट्या करून ठेवायचा. त्याला तात्या मजुरी देऊ शकत नव्हते, जेवण देत होते. नवीन रंग, नवीन वायररोप, इंजिनाचं काम, ट्रकभाडं, जागेचं भाडं, हे सगळं जत्रेच्या आधी लागतं आणि पैसे जत्रेनंतर येतात. मध्ये जो पूल लागतो, तोच त्यांना कुणी देत नव्हतं. पुढच्या चैत्राची आशा धरून त्यांनी कमलताईंचे दागिने मोडून थोडं काम करून घेतलं. चैत्र आला आणि जत्रा परत रद्द झाल्या. दुसरी लाट पहिलीपेक्षा वाईट होती. आमच्या शाखेतला शिपाई त्या लाटेत गेला. ते दिवस मी इथं लिहिणार नाही.

पावसाळ्याआधी हणमंतशेठ शाखेत आले. मोठी रक्कम वळती करायची होती. खुशीत होते. लोखंडाचे भाव चढले होते, आणि त्यांच्या हाताशी भाव चढायच्या आधीपासून पैसा होता, आम्हीच फोन करून दिलेला.

"कुणाच्या खात्यात?" मी विचारलं.

"तात्याच्या. पाळणा घेतला त्याचा."

"चालवणार?"

"छे वो म्याडम. मला काय येतंय त्यातलं? कापणार." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "मी न्हाई घेतला तर कराडचा कोण तरी घेणारच हुता. त्याच्यापेक्षा चार रुपये जास्तीच देतोय मी. इचारा त्याला. गावचा माणूस हाय, लुबाडणार न्हाई."

ते खरं होतं. भाव रास्तच दिला होता. मी पावती तपासली, सही केली. हणमंतशेठच्या खात्यातून पैसे गेले आणि तात्यांच्या खात्यात जमा झाले. सरकारची मदत तात्यांपर्यंत पोचली ती या वाटेनं. नियमाप्रमाणं त्यात आक्षेपार्ह काहीच नव्हतं. उलट दिलेला निधी धंद्यात फिरला, असं माझ्याच पुढच्या अहवालात नमूद आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या रानात गेले. का गेले ते सांगता येणार नाही, माझं तिथं काही काम नव्हतं. दोन माणसं गॅसकटर लावून कापत होती. तात्या त्यांच्या डोक्यावर उभे. भिवा लांब बांधावर पाठ करून बसला होता.

"तिथं कापू नगो," तात्या एकाला सांगत होते. "नट खोल. पाना दिऊ का?"

तो म्हणाला, "तात्या, भंगारच हाय की. कापलं काय आन् खोललं काय."

"आरं, पण तो खुलतोय! गेल्या म्हयन्यात ऑइल सोडलंय त्यात. खुलणारा नट कापतंय व्हय कोण?"

त्यांनी स्वतः पाना घेतला आणि नट खोलायला बसले. खरंच सहज खुलला. तो त्यांनी फडक्यानं पुसला आणि ढिगाऱ्यावर टाकला. मग दुसरा. कापणारा माणूस कटर बंद करून बघत उभा राहिला, त्याला दिवसाचा रोज मिळणार होता, घाई नव्हती. मला बघितल्यावर तात्या म्हणाले, "म्याडम, हिकडं ठिणग्या उडत्यात, लांब ऱ्हावा." तेवढंच बोलले. मी थोडा वेळ थांबले आणि परत फिरले.

आलेल्या पैशांतून त्यांनी आधी गड्यांची थकलेली मजुरी दिली. चालत घरी गेलेल्या माणसांनाही शोधून दिली. भिवाला सगळ्यात जास्त.

पुढच्या वर्षी जत्रा सुरू झाल्या. दोन वर्षं अडलेली माणसं अशी लोटली की पाळण्यांना रांगा लागल्या. पाळणे कमी उरले होते, तिकिटं महागली. ज्यांचे पाळणे टिकले त्यांचं एका हंगामात सगळं भरून निघालं, असं ऐकलं. मी तोवर निवृत्त होऊन सांगलीला आले होते.

मागच्या वर्षी आमच्या रोखपालाच्या मुलीच्या लग्नाला रहिमतपूरला गेले तेव्हा तात्यांच्या घरी जाऊन आले. तात्या आता साखर कारखान्यावर हंगामी कामाला असतात, उसाच्या गव्हाणीवर. मशीनचं ज्ञान असल्यामुळं तिथं त्यांना मान आहे. कमलताईंचं भाजीचं चांगलं चाललंय. बँकेतून तात्यांना अधूनमधून फोन येतो म्हणाल्या, कुठल्या तरी मुलीचा. तुमची पत उत्तम आहे, तुम्हाला कर्ज हवं का?

"काय सांगता मग?" मी विचारलं.

"सांगतो, दोन वर्सं उशीर केलास पोरी," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं.

त्यांचा जावई आला होता, कडेगावचा. नाव संदीप. थोडा ऊस आहे, आणि कर्जावर घेतलेला एक छोटा टेम्पो चालवतो. मी बँकेतली म्हटल्यावर तो सरसावून बसला.

"मावशी, एक इचारायचं हुतं. उसाचं बिल आलंय. टेम्पोचं कर्ज अजून दोन वर्सं हाय, पण सगळं एकदम भरून मोकळं व्हावं म्हंतोय. डोक्याला ताप नगो. भरू का?"

असा प्रश्न मला नोकरीत हजारदा विचारला गेला असेल. त्याचं उत्तर मला झोपेतही देता येतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तात्या बोलले.

"समदं भरू नगो. थोडं ठेव."

"का?"

"ठेव म्हंतो ना. हप्ता देत ऱ्हा, पण खातं बंद करू नगो. उद्या काय इपरीत झालं, तर सरकारच्या वहीत आपलं नाव पायजे. ज्याचं नाव न्हाई त्यो मेलेला."

संदीप हसला. त्याला वाटलं सासरे चेष्टा करताहेत. त्यानं माझ्याकडं बघितलं. "काय वो मावशी? तुमी तर बँकेच्या. तुमीच सांगा."

कमलताई चहाचे कप गोळा करत होत्या, त्या थांबल्या. तात्या माझ्याकडं बघत नव्हते, अंगणात बघत होते.

"तात्या बरोबर सांगतायत," मी म्हटलं. "थोडं ठेवा."